मदत हवी आहे: फ्रीहँड टेक्निकल ड्रॉइंग आणि पदार्थांचे गुणधर्म (तातडीचे)

खडूफळा
सोमवारपासून तास सुरू होताहेत. मुलांनी पट्टी न वापरता वस्तूंची तांत्रिक चित्रं काढायची आणि त्याच तासांत लाकूड, धातू, प्लास्टिक यांचे गुणधर्मही उरकायचे. अंदाज घ्यायला म्हणून एक ठोकळा काढायला दिला, तर निम्म्यांनी चौकोन काढून त्यावर झोपडीचं छप्पर चढवलं. रेघा सगळ्या केसाळ. गुणधर्म विचारले तर 'जड म्हणजे मजबूत' याच्या पुढे गाडी जाईना. नेटवर मिळतं ते कॉलेजचं. नेमकं काय करून घ्यायचं ते सांगा. 'मुलांना आवड निर्माण करा' छापाचे सल्ले नकोत.

निळीशाई
इयत्ता? पटसंख्या? तास किती मिनिटांचा? वर्कशॉप आहे का? की तेही आम्हीच ओळखायचं?

उडता_गालिचा
हाताने काढतंय कोण आता? संगणकावर त्रिमितीय आकार बनवायचं टिंकरकॅड फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. मुलं एका तासात घर बांधतात.

वास्तुपुरुष
आयसोमेट्रिकच्या (समांतर कडा चित्रातही समांतर ठेवणाऱ्या तिरप्या चित्राच्या) नादी लागू नका. आधी पर्स्पेक्टिव्ह शिकवा, म्हणजे लांबचं लहान होत जाणारं चित्र. डोळ्याला जे दिसतं ते काढू द्या. आमच्या ऑफिसात येणारी नवी पोरं संगणकावर सराईत असतात, पण क्लायंटसमोर कागदावर जिना काढा म्हटलं की घाम फुटतो.

खडूफळा
आठवी. ५२ मुलं. ३५ मिनिटं, त्यातली पाच आवाज बंद करण्यात जातात. संगणक आहेत पण वीज असेल तेव्हा. वर्कशॉप नाही. मी गणित-विज्ञानाचा, चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, म्हणून कार्यानुभवाचे तास माझ्या गळ्यात आले.

कानसवाला
हे आधी सांगायला काय झालं होतं, सर? मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवायचो. केसाळ रेघ येते कारण पोरं टोकाशी पेन्सिल धरून मनगटाने काढतात. पेन्सिल जरा मागे धरायची, कोपरापासून हात हलवायचा. आधी दोन ठिपके द्यायचे, आणि नजर पेन्सिलीवर नाही, पोचायच्या ठिपक्यावर. उभी रेघ जमत नसेल तर कागद फिरवा, कागद फिरवायला बंदी नाही. बाह्यरेषा २एचने अगदी हलकी, पक्की झाली की एचबीने एकदाच ठसठशीत. आणि खोडरबर पहिले काही तास गोळा करून कपाटात ठेवा.

वर्तुळासाठी आधी चौरस, मग दोन्ही कर्ण. बाजूंचे मध्य हे चार बिंदू. कर्णांवर मध्यापासून कोपऱ्याकडे सात-दशांश अंतरावर आणखी चार. आठ बिंदू जोडले की वर्तुळ. तुम्ही गणिताचे, ०.७०७ कुठून आलं ते तुम्हीच सांगा पोरांना.

छप्परवाला ठोकळा: आयसोमेट्रिकमध्ये एक कड उभी, बाकी दोन आडव्याशी ३० अंशांवर. वस्तू कोणतीही असो, आधी तिचं खोकं काढायचं आणि मग त्यातून नको ते कापायचं. कानशीने काढतो तसं.

निळीशाई
आठवीला हे डोळ्याने जमणार नाही. त्रिकोणी ठिपक्यांचा आयसोमेट्रिक कागद छापून द्या.

कानसवाला
ठिपके दिले की पोरं ठिपके मोजतात, वस्तू बघतच नाहीत.

निळीशाई
५२ पोरं आहेत हो काका. तुमच्या बॅचला किती असायची?

प्रवासी_पक्षी
इकडे अमेरिकेत मुलाच्या शाळेत टॉप व्ह्यू समोरच्या दृश्याच्या वर काढतात. मी त्याला खाली काढायला शिकवलं तर बाई म्हणाल्या चूक. बरोबर काय?

कानसवाला
दोन्ही. आपल्याकडे फर्स्ट अँगल, वरून दिसतं ते खाली. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ या ड्रॉइंगच्या पुस्तिकेतही तेच आहे. तिकडे थर्ड अँगल, वरून दिसतं ते वर. मुलाला त्याच्या बाईंचं ऐकू द्या.

वास्तुपुरुष
बघा, म्हणूनच म्हणतो पर्स्पेक्टिव्ह.

खडूफळा
अहो, गुणधर्मांचं कोणी बोलेल का?

भिंगरी
मी बोलते. सर, तुमच्या मुलांचं 'जड म्हणजे मजबूत' सरळ खोडून काढता येतं. पत्र्याच्या दुकानातून एकाच लांबी-रुंदी-जाडीच्या तीन पट्ट्या कापून आणा: साधं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम. आधी हातात देऊन वजनाने क्रम लावायला सांगा. तांबं सगळ्यात जड लागेल. मग एकेक पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून टोकाला तेच वजन टांगा आणि टोक किती खाली गेलं ते मोजा. वजन थोडंच टांगा, काढल्यावर पट्टी सरळ व्हायला हवी. तांबं जड असूनही लोखंडापेक्षा जास्त झुकतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास तिप्पट झुकतं, पण त्याचं वजनही लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा. यावर वर्गात भांडण लागलं तर लागू द्या. याच मांडणीचं फ्रीहँड चित्र वहीत काढून घ्या, दोन्ही विषय एकाच तासात. फक्त मुलं यालाच 'मजबुती' म्हणतील. हा ताठपणा; तुटायला किती जोर लागतो ते वेगळं.

दुसरा प्रयोग शिवणाच्या सुईचा. तशीच वाकवली तर मोडते. बर्नरवर लाल करून ज्योतीतून हळूहळू वर काढत थंड केली तर वाकते. पुन्हा लाल करून पाण्यात बुडवली तर काचेसारखी तुटते. धातू तोच. सुई तुम्हीच पकडीत धरा, मुलं लांब, डोळ्यांना चष्मा.

कोकणी_मासा
जड पण मऊ दाखवायचं तर जाळ्याची शिशं आणा, नखाने ओरखडा उठतो.

भिंगरी
शिसं मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. विषारी आहे, आणि डबा खायच्या आधीचा तास असला तर झालंच.

कोकणी_मासा
आमचं बालपण गेलं त्यात. असो.

मातीचे_पाय
पाबळच्या विज्ञान आश्रमाचा आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) अभ्यासक्रम बघा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. तिथे मुलं आधी वस्तू बनवतात आणि त्यातून विज्ञानाकडे येतात. माझं मत: चित्र काढायला लाकडी ठोकळे देऊच नका, खुरपं द्या. पातं पोलादाचं का, मूठ बाभळीची का, मुठीत घुसलेला भाग कसा दाखवायचा. छेद, म्हणजे वस्तू कापल्यावर आतलं दिसेल तसं चित्र, शिकवायला याहून बरी वस्तू नाही.

खडूफळा
पट्ट्यांचं सोमवारीच करतो, सुया घरात आहेत. खुरपी मुलांच्याच घरून येतील. ठिपक्यांचे कागद पहिल्या दोन आठवड्यांपुरते देतो, मग बंद. काका आणि निळीशाई, दोघांनीही रागावू नये. मूठ गोल आहे, ती आयसोमेट्रिकमध्ये वाकडीच येते, त्याचं काय?

कानसवाला
तिचं तोंड लंबवर्तुळ येतं. मुठीच्या मधोमध जाणारी रेघ आधी काढा. लंबवर्तुळाचा लांब अक्ष तिला काटकोनात हवा. पोरं तो नेहमी आडवा ठेवतात आणि मूठ मोडल्यासारखी दिसते.

आईसाहेब_७
माझ्या मुलीची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा आहे. घनभूमितीचा पेपर वेळेत संपत नाही. हे खोक्याचं तिथे चालेल का?

निळीशाई
तिथे पट्टी-कंपास लागतो. वेगळा धागा काढा, ताई.

उडता_गालिचा
टिंकरकॅडवर घनभूमिती छान दिसते.