सेकंड हँड सेडान, बजेट साडेसहा लाख: डिझायर की अमेझ?

धायरीकर: नमस्कार. आई-बाबांना घेऊन महिन्यातून एकदा वाईला जाणं होतं, बाकी शहरातच, सगळं मिळून 600 किमी. आईचे गुडघे दुखतात म्हणून मागची सीट महत्त्वाची. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमुळे ऑटोमॅटिक बघतेय. ट्रान्सफर, इन्शुरन्स धरून साडेसहाच्या वर जायचं नाही.

कोथरूड_12: ताई नवीन डिझायर घ्या, डोळे झाकून. नोव्हेंबर 2024 ला आलेलं मॉडेल, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये 5 स्टार. मी घेतली, घरचे सगळे खूश. दुसऱ्याची वापरलेली गाडी घेऊच नये.

धायरीकर: बजेट साडेसहा आहे हो दादा.

हडपसरचा_गडी: पेट्रोल परवडत नाही आता, सीएनजीच घ्या. माझे 70 हजार किमी झाले, काही त्रास नाही.

निगडीकाका: सीएनजी म्हणजे टाकीत डिकी गेली. वाईहून हळद-तांदूळ आणायचं तर ठेवणार कुठे? शिवाय पंपावर रांगेत अर्धा तास.

हडपसरचा_गडी: काका, टाटाच्या टिगोरला 2023 पासून दोन छोट्या टाक्या येतात, डिकी वापरता येते.

वारजेवाला: गाडी कुठलीही घ्या, आधी पार्किंगमध्ये उंदीर आहेत का बघा!! पावसाळ्यात माझं वायरिंग कुरतडलं, 14 हजार गेले. तेव्हापासून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतो.

निगडीकाका: तंबाखूने काही होत नाही, खालून जाळी मारा.

नऱ्हे_गॅरेज: ताई, हिशोब सांगतो. 600 किमीला पेट्रोलचे चार हजाराच्या आसपास जातील, सीएनजीत महिन्याला 1700 वाचतील, पण कंपनी फिटेडला नव्यात 90-95 हजार जास्त लागतात म्हणजे ते वसूल व्हायला साडेचार वर्षं, एवढ्या कमी रनिंगला उपयोग नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर गाडी स्वतः बदलते; त्यात क्लच असतोच, तो झिजतो आणि चढावर गाडी धरताना अ‍ॅक्सिलरेटरवर धरली तर लवकर जातो. सीव्हीटी म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेलं, पट्ट्यावर चालणारं ऑटोमॅटिक; ते स्मूथ, पण ऑइल वेळेवर बदललेलं पाहिजे, गिअरबॉक्स बिघडला तर खर्च मोठा, त्यामुळे सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर सीव्हीटी घेऊच नका. टायरवर चार आकडी नंबर असतो, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, तो बघा. इंजिन गार असताना स्वतः चालू करा, मालकाने आधीच गरम करून ठेवलेली गाडी परत पाठवा. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, प्रीमियम धरताना लक्षात ठेवा. मी डिझायर एएमटी सुचवेन, पार्ट स्वस्त, कुठेही मिळतात.

कोथरूड_12: तेच म्हणतोय मी, डिझायर.

नऱ्हे_गॅरेज: तुम्ही नवीन म्हणताय, मी जुनी.

धायरीकर: सगळ्यांचे आभार. काल गाडी ठरवली. 2019 ची अमेझ, पेट्रोल, मॅन्युअल. आमच्याच सोसायटीतल्या काकूंची, 41 हजार किमी, सगळी बिलं फाईलला लावलेली, 5 लाख 35 हजारांत. ऑटोमॅटिकचा हट्ट सोडला, कारण तीन एएमटी बघितल्या आणि एकीचंही रेकॉर्ड पूर्ण नव्हतं. आई या गाडीत मागे बसली आणि कुणाचा हात न धरता उतरली, तिथेच माझं ठरलं. टायर अजून पहिलेच आहेत, चारही बदलून मग खंबाटकी चढणार. काका, ती जाळी कुठे बसवून मिळते?