प्लेऑफ आले की आपल्या टीमचा कॉमेंटेटर टीव्हीवरून हद्दपार का?

चेरीहिलकर
बेसबॉल बघणाऱ्यांसाठी धागा. हंगामभर १६२ सामने आपण एकाच माणसाच्या आवाजात ऐकतो. कुठला पिचर (चेंडू फेकणारा) दमला की त्याचा चेंडू उंच राहायला लागतो, हेही त्यानेच शिकवलेलं असतं. आणि ऑक्टोबरात खेळाला खरा रंग चढला की टीव्हीवर त्याला बंदी! प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, हक्क राष्ट्रीय चॅनेलांना विकलेले. वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटची फेरी, तर २००० पासून फक्त फॉक्स चॅनेलकडे. पूर्वी इतकं कडक नव्हतं. १९८३ पर्यंत त्याआधीच्या फेरीचे, लीग चॅम्पियनशिपचे, सामने टीमच्या गावचं चॅनेलही आपल्या माणसांसह दाखवायचं.

आमच्या फिलाडेल्फियाची गोष्ट ऐका. फिलीज हा क्लब १८८३ चा, आणि पहिली वर्ल्ड सिरीज जिंकला १९८० साली. शहराचा आवाज म्हणजे फिलीजचा कॉमेंटेटर हॅरी कॅलस. पण टीव्ही एनबीसीकडे, रेडिओ सीबीएसकडे, त्यामुळे तो विजय कॅलसला थेट सांगताच आला नाही. मागाहून स्टुडिओत बसून त्याने तो क्षण रेकॉर्ड केला. लोक असे खवळले की नियम बदलला आणि स्थानिक रेडिओला परवानगी मिळाली. पुढे २००८ ला फिलीज पुन्हा जिंकले, तेव्हा सामना संपवणारा शेवटचा स्ट्राइकआउट (बाद) कॅलसने रेडिओवर सांगितला. पुढच्याच एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला सामन्याआधी कॉमेंट्री बॉक्समध्ये कोसळला आणि गेला. नियम बदलला नसता तर?

रेडिओला जमलं ते टीव्हीला का नको? चित्र फॉक्सचंच राहू द्या. आवाज तेवढा निवडू द्या.

तटस्थ पंच
असहमत. फॉक्स एवढे पैसे मोजतं ते काय दुसऱ्याचा आवाज ऐकवायला? शिवाय घरचे कॉमेंटेटर म्हणजे लग्नातले वरपक्षाचे काका. आपल्या पोराचा झेल सुटला की ऊन डोळ्यांत गेलं, समोरच्याचा सुटला की नालायक. हंगामात चालतं. वर्ल्ड सिरीजला दोन्ही गावं आणि बाकीचा देश बघत असतो, तिथे तिऱ्हाईतच हवा.

जुना डॉजर
घरचा म्हणजे आंधळा नव्हे. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच आठवा. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला लंगडत आला आणि दोन आउट असताना पिचर डेनिस एकर्सलीला होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारून लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना ५-४ जिंकवून गेला. एनबीसीवर कोण होता? विन स्कली, १९५० पासून डॉजर्सचाच माणूस. चेंडू पलीकडे गेल्याचं सांगितलं आणि मिनिटभराहून जास्त गप्प बसला. नुसता स्टेडियमचा कल्लोळ. पक्षपात करायला याहून चांगली संधी कुठली होती?

तटस्थ पंच
स्कली एकच झाला हो. त्याच्यावरून नियम बनवू नका.

मिसिसागाची मृणाल
आमच्याकडे कॅनडात हे झालंय. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजला स्पोर्ट्सनेट चॅनेलने स्वतःची कॉमेंट्री दिली: टीव्हीवर नेहमीचे डॅन शुलमन आणि बक मार्टिनेझ, आणि आमच्या टोरांटोच्या ब्लू जेज टीमच्या रेडिओवर डॅनचा मुलगा बेन. बाप टीव्हीवर, लेक रेडिओवर! तिसरी मॅच १८ इनिंग चालली, ६ तास ३९ मिनिटं. डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून संपवली तेव्हा टोरांटोत पहाटेचे तीन वाजत आले होते. हरलो, पण फ्रीमनचं कौतुक करताना शुलमनने हात आखडता घेतला नाही. पक्षपात म्हणतात तो हाच का?

तटस्थ पंच
टीम रॉजर्स कंपनीची, चॅनेलही रॉजर्सचंच. आपल्याच मालकाच्या टीमवर टीका कोण करणार? आणि इकडे म्हणाल तर फॉक्सचा जो डेव्हिस एरवी डॉजर्सचाच कॉमेंटेटर आहे. डॉजर्स वर्ल्ड सिरीजला आले की अर्धे लोक म्हणतात तो त्यांच्याकडे झुकतो, अर्धे म्हणतात मुद्दाम विरुद्ध बोलतो.

चेरीहिलकर
मग तर माझंच म्हणणं खरं ठरलं की. एका टीमला घरचा माणूस मिळतो, दुसऱ्या टीमने काय घोडं मारलंय?

ट्रान्झिस्टर
टीव्ही मुका करा, रेडिओ लावा. बाळ पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीवर वाढलेल्या माणसाला चित्राची गरज पडत नाही. अडचण एकच, आणि ती हल्लीची आहे. स्ट्रीमिंगवरचं चित्र मागे असतं. रेडिओवर होमरन होऊन आरडाओरडा चाललाय आणि पडद्यावर पिचर अजून टोपी सारखी करतोय. त्यात पिच क्लॉक (ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचं घड्याळ) आल्यापासून दोन चेंडूंत पूर्वीसारखी सवडच नाही, घोटाळा आणखी वाढतो. रेडिओ अॅपवर ऐकत असाल तर थोडा पॉझ करून जुळवता येतो. घरातला रेडिओ कसा थांबवणार?

खिशाला कात्री
आवाजाचं काय घेऊन बसलात, आधी चित्र तर दिसू द्या. फॉक्स अँटेनावर फुकट दिसतं, पण एफएस१ आणि टीबीएसवरच्या आधीच्या फेऱ्यांना केबल नाहीतर स्ट्रीमिंगचे पैसे भरा. भारतात २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं. इथे तसं काही नाही.

चेरीहिलकर
@खिशाला कात्री, मुद्दा रास्त आहे, पण वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.
@ट्रान्झिस्टर, जुळवाजुळव आपण का करायची? एमएलबीच्या, म्हणजे खुद्द बेसबॉल लीगच्या, स्वतःच्या अॅपवर नियमित हंगामात टीव्हीच्या चित्रावर टीमच्या रेडिओचा आवाज लावता येतो, आणि तो जुळलेला असतो. म्हणजे तंत्र तयार आहे, अडलंय फक्त करारात.

तटस्थ पंच
करारात म्हणजे पैशातच ना! रेडिओचे प्रायोजक वेगळे, फॉक्सचे वेगळे. इनिंग संपली की पडद्यावर फॉक्सची ट्रकची जाहिरात आणि कानात फिलाडेल्फियाच्या गादीवाल्याची? फॉक्स ऐकून घेईल?

चेरीहिलकर
जाहिरातींना फॉक्सचाच आवाज राहू दे, एक सेकंद कापू नका. पिचर पुन्हा माउंडवर चढला की आमचा माणूस.

तटस्थ पंच
आणि समोरच्या टीमच्या गावालाही तेच देणार ना? की फक्त फिलीजला?