मदत हवी आहे: रात्री पाठवलेली पुश नोटिफिकेशन सकाळी पोचते (फ्लटर, फायरबेस)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात नदीवरून पाणी उचलणारी सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे आणि माझे बाबा तिथे पाटकरी आहेत. शेतीची लाईट रात्रीची असली की कुणाची पाळी किती वाजता, हे ते फोन करून कळवतात. एका रात्रीत तीस-चाळीस फोन होतात. निम्मे लोक उचलत नाहीत, मग सायकलवरून घरापर्यंत जावं लागतं. बाबा आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांची ही पायपीट थांबावी म्हणून मी फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडने काम भागवणारं गूगलचं साधन) एक लहान अ‍ॅप केलं. सभासदाचा गट, पाळीची वेळ आणि पाळी जवळ आली की नोटिफिकेशन, एवढंच त्यात आहे. बहुतेकांकडे अँड्रॉइड आहे. दोघांची मुलं पुण्याला असतात, त्यांच्याकडे आयफोन आहेत.

अडचण अशी आहे. दिवसा पाठवलेली नोटिफिकेशन दोन-तीन सेकंदांत येते. रात्री दोननंतर पाठवलेली मात्र बऱ्याच जणांना पहाटे पाच-साडेपाचला, म्हणजे फोन हातात घेतल्यावर मिळते. गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या आजोबांची पाळी अडीचला होती. निरोप त्यांना सव्वापाचला दिसला. तोवर व्हॉल्व्ह पुढच्या गटाला फिरला होता आणि त्यांच्या उसाचं पाणी आठ दिवसांनी लांबलं. ते मला काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. सर्व्हरवरून फायरबेस या गूगलच्या सेवेमार्फत फक्त डेटा असलेला संदेश जातो. कारण गट आणि वेळ वाचून मराठी मजकूर फोनवरच तयार होतो आणि लोकल नोटिफिकेशनच्या प्लगिनने दाखवला जातो. पार्श्वभूमीत चालणारं फंक्शन वर्गाच्या बाहेर, सगळ्यात वरच्या पातळीवर लिहिलं आहे. रिलीज बिल्ड करताना ते गाळलं जाऊ नये म्हणून त्यावर व्हीएम एंट्री-पॉइंटची खूणही आहे. ती नसताना डीबगमध्ये सगळं चालायचं आणि रिलीज बिल्डमध्ये काहीच यायचं नाही, यात माझे तीन दिवस गेले. अँड्रॉइड १३ पासून लागणारी नोटिफिकेशनची परवानगी अ‍ॅप उघडताच मागते. पाठवण्यासाठी फायरबेसची नवीन एचटीटीपी व्ही-वन पद्धत वापरते, जुनी सर्व्हर की नाही. संदेश गटाच्या टॉपिकवर, म्हणजे गटातल्या सगळ्या फोनांच्या एका सामाईक नावावर जातो.

पाठवल्याची वेळ सर्व्हरवर आणि पोचल्याची वेळ फोनवर नोंदवते. एक गोष्ट विचित्र वाटली: उशीर झालेल्या रात्रीही पाच-सहा जणांना निरोप अगदी वेळेवर गेला. त्यांना विचारलं तर सगळ्यांनी सांगितलं, फोन चार्जिंगला लावून झोपलो होतो. माझ्या टेबलावर हा उशीर एकदाही दिसत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

ताई, उत्तर तुमच्या चार्जिंगच्या नोंदीतच आहे. याला डोझ म्हणतात, अँड्रॉइड ६ पासून आहे. फोन चार्जरवर नसेल, स्क्रीन बंद असेल आणि बराच वेळ हलला नसेल, तर अँड्रॉइड त्याचं नेटवर्क आणि पार्श्वभूमीतली कामं रोखून धरतं. मधूनमधून थोडी फट उघडतं, तेवढ्यात साचलेलं काम उरकतं आणि पुन्हा झोपतं. रात्र सरत जाते तशा या फटी लांब-लांब अंतरावर जातात. उशाशी पडलेला फोन म्हणजे डोझचं नमुनेदार उदाहरण.

डेटा संदेशाला तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर तो सामान्य प्राधान्याने जातो, आणि सामान्य प्राधान्याचा संदेश डोझमधल्या फोनसाठी थांबवून ठेवला जातो. पहाटे आजोबांनी फोन उचलला, फोन जागा झाला आणि संदेश आत आला. व्ही-वनच्या संदेशात अँड्रॉइडचा वेगळा भाग असतो, त्यात प्रायॉरिटी हाय करा.

टेबलावर का दिसत नाही, तेही यातच आलं. तुमचा फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला असतो, म्हणजे चार्जिंगवर असतो, म्हणजे डोझमध्ये कधी जातच नाही. तपासायचं असेल तर एडीबी शेलमधून (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) आधी डंपसिस बॅटरी अनप्लग द्या, स्क्रीन बंद करा, मग डंपसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल. आता सामान्य आणि हाय असे दोन्ही संदेश पाठवून बघा. झाल्यावर डिव्हाइसआयडल अनफोर्स आणि बॅटरी रीसेट द्यायला विसरू नका, नाहीतर फोन स्वतःला अनप्लग समजत राहील.

मात्र हाय प्राधान्य घेतलंत तर प्रत्येक संदेशामागे माणसाला दिसणारी नोटिफिकेशन आलीच पाहिजे. हाय प्राधान्याने संदेश येतात पण पडद्यावर काहीच दिसत नाही, असं वारंवार घडलं तर फायरबेस तुमच्या संदेशांना सामान्य रांगेत ढकलू शकतं. गुपचूप डेटा भरायला हे वापरू नका.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण एवढ्याने सगळे फोन सुटणार नाहीत. काही कंपन्यांच्या स्वस्त फोनमध्ये अलीकडच्या यादीतून अ‍ॅप बोटाने सरकवलं की ते फोर्स स्टॉप केल्यासारखं बंद होतं. फोर्स स्टॉप झालेल्या अ‍ॅपला माणूस स्वतः उघडेपर्यंत कुठलाही पुश मिळत नाही, प्राधान्य काहीही असो. सेटिंगमध्ये ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरीचं बंधन काढलेलं आहे का, ते प्रत्येकाच्या फोनवर बघावं लागेल. हे कोडने होत नाही, घरोघरी जाऊनच होतं.

फोन फायरबेसशी जोडलेला आहे का, हे बघायला डायलरवर *#*#४२६#*#* दाबा. प्ले सर्व्हिसेस असलेल्या फोनवर जोडणीची स्थिती दाखवणारा पडदा उघडतो.

आवाजाचं काय? चॅनेल, म्हणजे नोटिफिकेशनचा प्रकार, कोणत्या महत्त्वाचं बनवलं आहे?

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. आज सकाळी बाबांचा फोन डोझमध्ये घालून पाहिला. सामान्य प्राधान्याचा संदेश वीस मिनिटं आलाच नाही. हाय केला आणि चार सेकंदांत फोन वाजला. मी अक्षरशः ओरडले, बाबा अंगणातून धावत आले.

चॅनेलबद्दल विचारलंत ते बरं झालं. पहिल्या आवृत्तीत चॅनेल साध्या महत्त्वाचं होतं, नंतर कोडमध्ये हाय केलं. हाय केल्यानंतर पहिल्यांदाच अ‍ॅप टाकलेल्या फोनवर नोटिफिकेशन वरून खाली उतरते, आधीपासून अ‍ॅप असलेल्यांवर नुसती गुपचूप यादीत बसते. हे तसंच राहणार का?

प्रतिसाद

तसंच राहणार. अँड्रॉइड ८ पासून चॅनेल एकदा तयार झालं की त्याचं महत्त्व आणि आवाज फक्त वापरणाऱ्याच्या हातात जातो, अ‍ॅपला ते वाढवता येत नाही. नवीन आयडीचं चॅनेल करा आणि जुनं पुसून टाका. परवानगीचंही तसंच आहे. कुणी दोनदा नको म्हटलं असेल तर ती खिडकी पुन्हा येत नाही, त्यांना सेटिंगमध्ये नेऊन चालू करून द्यावी लागते. म्हणून उघडताच मागू नका. "तुमच्या पाळीचा निरोप इथे येईल" असं एक वाक्य आधी दाखवा, मग मागा.

आता खरं सांगायचं ते. पाळीसाठी तुम्ही रात्री अडीचला पुश पाठवताच कशाला? वेळापत्रक कधी ठरतं?

धागाकर्ती

संध्याकाळी सहा-साडेसहाला, संस्थेच्या ऑफिसात. पण मोटर ट्रिप झाली, लाईट गेली, किंवा कुणी आपलं रान लवकर भिजवून मोकळा झाला, तर पुढच्या सगळ्या वेळा सरकतात.

प्रतिसाद

मग काम दोन भागांत वाटा. संध्याकाळी सातला, लोक जागे असतात, फोन हातात असतो, तेव्हा वेळापत्रक पुशने पाठवा. ते मिळताच फोनने स्वतःच पाळीच्या अर्धा तास आधीचा गजर लावून ठेवायचा. लोकल नोटिफिकेशनमध्ये अचूक वेळेला आणि डोझमध्येही वाजणारा मोड असतो, त्याला त्या क्षणी नेटवर्क लागत नाही. रानात रेंज नसली तरी वाजेल. अँड्रॉइड १२ पासून अचूक गजरासाठी वेगळी परवानगी आहे, आणि अँड्रॉइड १४ वर नव्याने घेतलेल्या बहुतेक अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही, मागून घ्यावी लागते. फोन बंद करून चालू केला की गजर पुसले जातात. बूट झाल्यावर ते पुन्हा लावणारा रिसीव्हर (कोडचा भाग) मॅनिफेस्ट फाइलमध्ये नोंदवलेला आहे ना, ते बघा.

रात्रीचा हाय प्राधान्याचा पुश फक्त वेळ सरकली तर. त्याला मुदतही द्या. मुदत दिली नाही तर फायरबेस संदेश चार आठवडे जपून ठेवतं. अडीचच्या पाळीचा निरोप पाचला येण्यापेक्षा न आलेला बरा, माणूस उगाच रानात पळतो.

टॉपिकही सोडा. टॉपिक हजारो लोकांना एकदम पाठवायला आहे, तिथे एकेका फोनच्या वेगाची फिकीर कमी असते. चाळीस-पन्नास टोकनवर थेट पाठवा; टोकन म्हणजे एकेका फोनवरच्या अ‍ॅपचा फायरबेसमधला पत्ता. कुणी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं किंवा फोन बदलला की टोकन बदलतं, आणि जुन्या टोकनवर अनरजिस्टर्ड असं उत्तर परत येतं. ते तुमच्या बाबांच्या यादीत लाल दाखवा. कुणाला हाताने फोन करायचा, ते रात्रीच्या आधीच कळेल.

आयफोनवर फक्त डेटाचा संदेश मुळीच भरवशाचा नाही. ॲपल असे मूक संदेश तासाला दोन-तीनच्या पुढे पाठवू नका म्हणतं आणि तेही मर्जीनुसार पोचवतं. संदेशातल्या एपीएनएसच्या (ॲपलच्या पुश सेवेच्या) भागात दिसणारा मजकूरच घाला. त्या सेवेसाठी लागणाऱ्या पीएट (.p8) कीची फाइल ॲपलच्या खात्यातून एकदाच उतरवता येते, जपून ठेवा.

धागाकर्ती

उशिरा लिहिते आहे, मधे रात्रीच्या लाईटचा आठवडा होता.

सांगितलं तसं सगळं बदललं. संध्याकाळी सातला वेळापत्रक, फोनवर गजर, सरकलेल्या वेळेसाठी एक तासाच्या मुदतीचा हाय संदेश, थेट टोकनवर. नवीन चॅनेलला मी दंडावरच्या मोटरच्या स्टार्टरचा आवाज लावला. तो ऐकून आमच्याकडे कुणीही झोपेतून उठतो.

दोन दिवस बाबांबरोबर घरोघरी फिरले. अडतीस फोनांपैकी अकरांवर ऑटोस्टार्ट बंद होतं, चौघांनी नोटिफिकेशनला पूर्वीच नको म्हटलेलं होतं. एका काकूंच्या फोनवर तर रात्रभर विमान मोड असायचा, मुलाने लावून दिलेला. आता तो पाळीच्या आठवड्यात काढतात, आणि नाही काढला तरी सातचं वेळापत्रक आलेलं असतं, गजर वाजतोच.

मंगळवारी पहाटे दीडला मोटर ट्रिप झाली आणि सगळ्या वेळा पन्नास मिनिटांनी पुढे गेल्या. पस्तीस फोनांवर नवी वेळ पाच मिनिटांच्या आत पोचली, जुना गजर पुसून नवा लागला. शेजारच्या आजोबांची पाळी तीन वीसला होती. मी गच्चीवरून पाहत होते. तीनला पाच कमी असताना त्यांच्या खोलीतला दिवा लागला, मग बॅटरीचा उजेड बांधावरून रानाकडे गेला.

तीन फोन राहिले. दोन साधे बटणांचे आहेत आणि एकावर काही केल्या संदेश टिकत नाही. ती तीन नावं यादीत लाल दिसतात, त्यांना बाबा फोन करतात.