एचआयव्हीचे पाठ झाले. आता मुलांना वर्तनाविषयी विचारावे का?

प्रश्न
माध्यमिक वर्गांत एचआयव्ही प्रतिबंधाचे चार तास घेऊन झाल्यावर चाचणी घेतली, तेव्हा डास चावल्याने किंवा एका ताटात जेवल्याने संसर्ग होत नाही, हे जवळजवळ सर्वांनी अचूक लिहिले. मात्र तेवढ्यावरून मुले स्वतःला जपतील असे म्हणवत नाही, म्हणून वर्तनाविषयीची निनावी प्रश्नावली द्यावी असे मनात आहे. असे विचारल्याने नको ते मुलांच्या डोक्यात शिरेल, अशी मुख्याध्यापकांना धास्ती आहे. मला शंका आहे ती मुले खरे लिहितील का, याची.

उत्तर १
मुख्याध्यापकांची धास्ती जुनीच आहे. युनेस्कोने २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. लैंगिकता शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असे त्यात आढळलेले नाही. पालकांना मात्र प्रश्नावली आधी दाखवावी.

उत्तर २
खरेपणा बराचसा कागदाच्या मांडणीवर अवलंबून असतो. अमेरिकेत १९९१पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी होणाऱ्या युवा जोखीम-वर्तन सर्वेक्षणात ‘उत्तर नाही असल्यास पुढील पाच प्रश्न सोडा’ अशी सूचना नसते. त्याऐवजी निरोध वापरला का, या प्रश्नाखालीही ‘मी कधीच शरीरसंबंध ठेवलेला नाही’ हा पर्याय असतो, त्यामुळे प्रत्येकाला सगळे प्रश्न सोडवावे लागतात आणि कोण भराभर पाने उलटतो आहे, यावरून शेजारच्या बाकावरच्याला काही ताडता येत नाही. वर्गशिक्षकांनी रांगांमधून फिरू नये, आणि कागद मुलांनी स्वतः घडी करून बंद पेटीत टाकावेत. (वर्गनायकाकडून गोळा करवणे म्हणजे सगळ्यावर पाणी फिरवणे.)

उत्तर ३
वय, तुकडी आणि मुलगा की मुलगी एवढे तीन रकाने भरले, तरी लहान शाळेत मूल ओळखू येते. म्हणून तुकडी विचारूच नका. शिवाय चाचणीत डासांपुढे जा. संसर्गाचा संभव आल्यानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) रक्तात दिसू लागायला काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात, हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या मते तपासणी कुठे आणि केव्हा करावी, हे माहीत असणे अधिक मोलाचे आहे.

प्रश्नकर्ता
आभार. आमच्या मसुद्यात उजव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांकाची चौकट राहून गेली होती, आणि त्याच कागदावर वर ‘निनावी’ असे ठळक छापले होते. चौकट काढली आहे.