मदत हवी आहे: ‘येतो’ म्हणजे ‘आय ॲम कमिंग’ नाही का?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आधी नुसतं डिस्पॅच बघायचो, दिवाळीपासून परदेशी गिऱ्हाइकांचे मेल आणि कॉलही गळ्यात पडलेत. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी तसं निभावतं, पण ‘कम’ आणि ‘गो’ या दोन शब्दांनी वात आणलाय. पाचवीतले शब्द ओ!

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल संपवताना सवयीनं ‘ओके सर, आय ॲम कमिंग’ म्हणालो आणि बंद केला. मला म्हणायचं होतं, ‘येतो मग’. तिकडचे दोघं दहा मिनिटं स्क्रीनसमोर बसून! नंतर मेल: ‘आर यू स्टिल कमिंग?’

आता ‘जातो’ कसं म्हणायचं? घरी तोंडातून निघालं तर आजी उंबऱ्यातून माघारी बोलावते. बरं, हे आपलंच नाही. आमचे डाईंग मास्टर तेलुगू, सुट्टी झाली की ‘पोयि वस्ता’. अक्कलकोटकडचा मुकादम कानडी, तो ‘होगि बर्तीनि’. दोन्हीचा अर्थ जाऊन येतो. तीन भाषांच्या या गावात नुसतं कुणी जातच नाही, मग इंग्रजीत निरोप घेताना काय म्हणतात?

दुसरं, ‘रंग जाणार नाही’ याला मी ‘कलर विल नॉट गो’ लिहिलं, मालक हसले. आणि ‘लाईट गेली’ला ‘लाईट वेंट’ चालतं का? मेलला उशीर झाला की हेच कारण असतं.

प्रतिसाद १

‘कम’ बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे. ‘सोमवारी तुमच्या ऑफिसला येतो’ इथे ‘कम’च, अगदी मराठीसारखं. पण निघताना आपण परत येण्याचं बोलतो आणि ते निघण्याचं, म्हणून ‘आय हॅव टू गो’ किंवा ‘आय शुड गेट गोइंग’. त्यात अशुभ काही नाही. (मेलेल्या माणसाला तेही ‘गॉन’ म्हणतात, तो भाग वेगळा.)

रंगाचं मात्र नीट शिका, तुमच्या पोटापाण्याचं आहे. आपलं ‘जाणं’ दोन गोष्टी पोटात घेतं. धुताना रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागला तर इंग्रजीत तो ‘रन’ होतो, धंद्यात ‘ब्लीड’ म्हणतात. उन्हानं विटला तर ‘फेड’. गिऱ्हाईक ‘कलर फास्टनेस’ विचारतं तेव्हा त्याला दोन्हींबद्दल ऐकायचं असतं.

लाईटला ‘द पॉवर वेंट आउट’, आली की ‘केम बॅक ऑन’. इथे दोन्ही भाषांचं जमतं. एरवीही बिघडलेलं बऱ्याचदा ‘गो’कडे: दूध ‘गोज सावर’, डोकं ‘गोज बाल्ड’, स्वप्न मात्र ‘कम्स ट्रू’. नियम समजू नका, टॉवेलची शिलाई उसवली तर ती ‘कम्स अपार्ट’.

प्रतिसाद २

माझी पुतणी विचारायची, ‘गो’चं ‘गोड’ का नाही, ‘वेंट’ कुठून आलं? ते ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, ‘गो’नं उसनं घेतलं आणि परत केलंच नाही. तिला म्हटलं, तू ‘जाते’ म्हणतेस, मग काल ‘जाली’ का नाही म्हणालीस? आपलं ‘जाणे’ संस्कृत ‘या’ वरून, ‘गेला’ मात्र ‘गत’ वरून. तेव्हापासून तिची ‘वेंट’बद्दल तक्रार नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ‘रन’ आणि ‘फेड’ वहीत लिहून घेतलं. पण आता घाम फुटलाय. परवा एका गिऱ्हाइकाचा मेल होता: ‘हाउ कम द शिपमेंट इज लेट?’ मला वाटलं माल कसा येतोय ते विचारतायत. लिहून टाकलं: सोलापूरहून न्हावा शेवापर्यंत ट्रकनं, पुढे जहाजानं. बरोबर ना?

प्रतिसाद १

अरे देवा. ‘हाउ कम’ म्हणजे ‘असं कसं काय?’. ‘व्हाय’चाच भाऊ, फक्त त्याच्यापुढे ‘इज’ जागा बदलत नाही, म्हणून ते साध्या वाक्यासारखं दिसतं आणि माणूस फसतो. उशीर का झाला ते आजच्या आज कळवा, लाईट असेपर्यंत.