बडोद्यातल्या पोरांना गल्लीतच घोडेस्वारी शिकवावी का?

दांडियाबाजारकर
मंडळी, काळ्या घोड्याच्या सर्कलवरून रोज जातो. सयाजीरावांचा तो घोडा सोडला, तर आपल्या पोरांना घोडा दिसतो फक्त वरातीत. कपाळावर गोंडे, कानाशी बँड. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये 1996 पासून एबनी हॉर्स क्लब चालतो, उंच इमारतींच्या गराड्यात, वस्तीतल्या मुलांसाठी. तिथे शिकलेली खदिजा मेल्लाह 2019 मध्ये गुडवुडला मॅग्नोलिया कप ही घोड्यांची शर्यत जिंकली. वय 18, डोक्याला हिजाब, आणि शर्यतीच्या घोड्यावर पहिल्यांदा बसून जेमतेम चार महिने झालेले. फिलाडेल्फियात फ्लेचर स्ट्रीटला तर कृष्णवर्णीय स्वार पिढ्यान्‌पिढ्या मोहल्ल्यातल्या मुलांना तबेल्यात ओढून नेतात.
माझं म्हणणं एवढंच: वाडी, रावपुरा, पाणीगेटच्या मुलामुलींसाठी सहा घोडे, कॉर्पोरेशनची जागा, नाममात्र फी. पोलो ग्राउंडच्या नावात तरी पोलो आहे. आता तिथे दसऱ्याला रावण जळतो, एरवी क्रिकेट. बोला.

विश्वामित्रीकाठ
ऑगस्ट 2024 विसरलात वाटतं? आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं आणि शहरात रस्त्यांवर मगरी. आम्ही फ्रिज टेबलावर चढवला. घोडा कुठे चढवणार, गच्चीवर? कॉर्पोरेशन जागा देईल ती नदीकाठचीच, कारण चांगल्या जागेला गिऱ्हाईक असतं.
शिवाय हिशेब करा. चारशे किलोचं जनावर रोज सहा ते आठ किलो सुका चारा खातं. चंदी म्हणजे दाणा वेगळा, नाल ठोकणारा नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी वेगळा, घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पगार वेगळा. दिवसाला पंधरा-वीस किलो लीद, गुणिले सहा. कचऱ्याच्या गाडीवाल्याला तुम्ही सांगणार की मी?
आणि मॅग्नोलिया कप ही धर्मादाय शर्यत आहे, हेही लिहायचं होतं.

दांडियाबाजारकर
धर्मादाय तर धर्मादाय. घोडा काय चालत गेला का?

मल्लखांबप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे जुम्मादादा व्यायाम मंदिर 1880 पासून आहे. प्रोफेसर माणिकरावांनी तिथे पोरं घडवली ती कुठल्या पागेविना. मल्लखांबाला ना चंदी लागते, ना नाल. त्याला पोटशूळ होत नाही आणि पुरात तो जागचा हलत नाही. तोल, मांडीचा जोर, पडायची भीती मोडणं, सगळं त्या एका लाकडावर मिळतं. आधी आहेत त्या आखाड्यांत पोरं आणा. आहे ते ओस पडलंय आणि आपण नवं घोडं पुढे दामटतोय.

रुक्मिणी_वाडी
दादा, मल्लखांबाला तुम्ही रागावलात तर तो काही करत नाही. फरक तिथेच आहे.
आमच्या घरामागे एक वरघोडेवाला राहतो. तीन घोड्या, पत्र्याची शेड. शेजारचा एक पोरगा, नववीत दोनदा बसलेला, आपणहून तिथे जायला लागला. पहिले पंधरा दिवस मालकाने त्याला पाठीवर बसूच दिलं नाही. खरारा कर म्हणाला. पोरगा डाव्या अंगाने जायचा, आधी खांद्यावर हात ठेवायचा, मग ब्रश. एकदा घाईत मागून गेला. घोडीने कान मागे टाकले आणि मालक ओरडला, ‘कान जो, मोढुं नहीं!’ (कान बघ, तोंड नाही!) आता हा पोरगा शाळेत अजून कुणाचं ऐकत नाही, पण घोडीचा कान हलला की जागच्या जागी थांबतो. पास झाला का? नाही. पहाटे साडेपाचला उठतो मात्र. त्याच्या आईलाच ते खरं वाटत नाही.

विश्वामित्रीकाठ
ताई, चित्र सुंदर आहे. पण त्याला पगार मिळतो का? वाडीतलं पोर लीद उपसतं तेव्हा ती बालमजुरी, आणि अलकापुरीतलं उपसतं तेव्हा ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’. उद्या तुमच्या योजनेतही गरिबाचा मुलगा झाडू मारेल आणि डॉक्टरांची मुलगी रिकिबीत पाय घालून फोटो काढेल.

रुक्मिणी_वाडी
हे मात्र खरं आहे. म्हणून नियम असा हवा: ज्याने खरारा केला नाही, तो बसणार नाही. डॉक्टरांची मुलगीसुद्धा.

अश्वमेध_07
अरे, हांगझोऊच्या एशियाडमध्ये 2023 ला ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तीत चाली करून घेण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण आलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी! त्यात इंदूरची सुदिप्ती हजेला होती. आपल्यासारखंच मराठी संस्थानी शहर. बडोद्यातून का नाही?

मल्लखांबप्रेमी
कारण ते घोडे आणि ते सराव युरोपातले होते. पाणीगेटच्या पोराला पदकाचं गाजर दाखवू नका, गाजर घोड्याला द्या.

निवृत्त_पशुवैद्य
बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. घोडा कळपाचं जनावर आहे, एकटा बांधला की कुढतो. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे चाऱ्यातली चूक पोटशूळ होऊन जिवावर बेतते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा वर्ग सकाळी आठच्या आत आटपायला हवा. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावंच लागतं. सहा महिने ज्या घोड्याला पोरानं गूळ भरवला, त्याचं असं झालं तर त्या पोराला काय सांगायचं, हे कुणी ठरवलंय?
तरीही मी योजनेच्या बाजूचा आहे, कारण नोकरीत मी वरातीच्या घोड्यांची खोगिरं उतरवून पाहिली आहेत. वरून जरीची झूल, खाली कण्यालगत रुपयाएवढी जखम आणि तिच्यावर हळद. मालक दुष्ट नसतो. त्याला गादी बदलायला पैसे नसतात आणि लग्नाचे मुहूर्त थांबत नाहीत. लग्नसराई नसताना याच मालकांना पोरं शिकवायचे पैसे द्या आणि अट घाला, दर महिन्याला पाठ तपासून घ्यायची. नवे सहा घोडे आणायची गरजच नाही. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून.
आणि गुजरात पोलिसांचं घोडदळ सामान्य नागरिकांनाही घोडेस्वारी शिकवतं, तिकडे कुणी चौकशी केली का?

दांडियाबाजारकर
केली नाही, हे कबूल. पण काका, पोलीस म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या निम्म्या आया पोराला धाडणार नाहीत. तुमची वरातवाल्यांची कल्पना मला माझ्या कल्पनेपेक्षा बरी वाटते. थोडा राग आला, पण बरी वाटते.

मल्लखांबप्रेमी
मी अजून विरोधातच. बघायला येईन.

निवृत्त_पशुवैद्य
रविवारी सकाळी सहाला रुक्मिणीताईंच्या घरामागे. मालकाला ताईंनी आधी विचारावं, आगंतुकासारखं जायला नको. मी खोगीर उतरवून दाखवीन. मागून कुणी जायचं नाही.

विश्वामित्रीकाठ
येतो. मोजपट्टी आणतो. त्या शेडच्या भिंतीवर 2024 च्या पाण्याची रेघ अजून असणार, ती घोडीच्या पोटाच्या वर आहे की खाली ते आधी बघू.