मदत हवी आहे: चीनमध्ये बंद खोलीत सिगारेट ओढणाऱ्यांना परदेशी माणसाने टोकावं का?

सई_शांघाय

नमस्कार मंडळी,

चीनमध्ये राहिलेल्या किंवा राहत असलेल्यांकडून सल्ला हवा आहे. आम्ही शांघायच्या मिनहांग भागात राहतो. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. लेक सहा वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. पंप कायम माझ्या पर्समध्ये असतो.

रस्त्यावरच्या धुराची तक्रार नाही, तिथून चार पावलं पुढे जाता येतं. त्रास आहे तो हॉटेलातल्या बंद खोल्यांचा. इथे ऑफिसचं किंवा दोन-तीन कुटुंबांचं जेवण ठरलं की मोठं गोल टेबल असलेली वेगळी खोली घेतात. भिंतीवर सिगारेटबंदीची पाटी असते, तिच्यावर तक्रारीसाठी 12345 हा नंबरही असतो. त्याच पाटीखाली यजमान पाकीट फोडतात, टेबलाभोवतीच्या प्रत्येक पुरुषापुढे एकेक सिगारेट ठेवतात, आणि वाढणारी मुलगी कुणी न सांगता कागदी पेला आणून ठेवते, तळाशी बोटभर पाणी घातलेला. ॲशट्रे ठेवली तर तपासणीत हॉटेलवाला सापडेल, म्हणून पेला. शेवटचा मासा येईपर्यंत त्या पेल्यात थोटकांचा काळा चिखल झालेला असतो आणि लेक माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसलेली असते.

नियम मी नीट वाचले आहेत. 1 मार्च 2017 पासून शांघायमध्ये छताखालची सगळी सार्वजनिक ठिकाणं, कामाच्या जागा आणि सार्वजनिक वाहनं पूर्ण धूरमुक्त आहेत. आत वेगळी धूम्रपान खोली करण्याचीही मुभा नाही. शाळा, बालवाड्या आणि मुलांच्या रुग्णालयांच्या उघड्या आवारातही बंदी आहे. सांगूनही न ऐकणाऱ्याला 50 ते 200 युआन दंड, आणि दुर्लक्ष करणाऱ्या मालकाला 2,000 पासून 30,000 पर्यंत. म्हणजे अडवण्याची जबाबदारी आधी हॉटेलवाल्याची आहे.

आमच्या सोसायटीत परदेशी पालकांचा वीचॅटवर (इथलं व्हॉट्सॲपच म्हणा) एक ग्रुप आहे. तिथे विचारलं तर सरळ दोन तट पडले. लहान मुलं असलेले बरेचजण म्हणाले, दर वेळी तक्रार करा. जुने लोक म्हणाले, आपण इथे पाहुणे आहोत, करार संपला की जाणार, यांच्या घरच्या रीतीत नाक खुपसू नये. एकाने तर लिहिलं की इतकं सहन होत नसेल तर परत जा. ते वाचून मला फार वाईट वाटलं. मुलीच्या श्वासाचा प्रश्न आहे हो, आवडीनिवडीचा नाही.

तर सांगा, टोकायचं कसं आणि कुणाला? 12345 ला परदेशी माणसाने फोन केला तर पुढे काय होतं? आणि शेजारच्या जिआंग्सू प्रांतातल्या लहान गावात पुरवठादाराच्या कारखान्यात जावं लागतं, तिथे बैठकीच्या खोलीतच धूर असतो. तिथे काय करता?

पिंपरीकर

सईताई, मीही खरेदीतलाच, निंगबोला होतो. पहिली गोष्ट, सिगारेट पुढे करणं हा इथे मान देण्याचा भाग आहे. लाल पाकिटातली चुंगहुआ ही महागडी सिगारेट टेबलावर आली म्हणजे यजमानाने तुमच्यासाठी खर्च केलाय. त्यामुळे सगळ्यांसमोर टोकलंत की धुराची गोष्ट बाजूला राहते आणि त्याचा अपमान होतो. जेवणाच्या आदल्या दिवशी, खोली ज्याने बुक केली त्याला एकट्याला मेसेज करा. नियमाचं नाव काढू नका. "हाइत्झ यौ श्याओछ्वान", म्हणजे पोरीला दमा आहे, एवढंच लिहा. इथे लेकराच्या तब्येतीपुढे कुणी वाद घालत नाही. माझ्या साहेबांनी तर एवढ्यावर सगळ्यांना जिन्याकडे पाठवलं होतं.

दुसरं, हॉटेल तुम्हीच सुचवा. मोठ्या मॉलमधली हॉटेलं घ्या. मॉलचं व्यवस्थापन आगीच्या अलार्मला घाबरतं, तिथे बंदी बरीच पाळली जाते. रस्त्याकडच्या जुन्या समुद्री जेवणाच्या हॉटेलांत वरच्या मजल्यावरची खोली टाळा.

उत्तरवारा

मी बीजिंगला राहते. "पाहुणे आहोत" हे पटत नाही, आणि स्पष्टच लिहिते. ज्या रीतीचा मान राखायला सांगतात ती इथल्या निम्म्या लोकांची तरी आहे का? 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांमध्ये ओढणारे 50.5 टक्के आणि बायकांमध्ये 2.1 टक्के निघाले. म्हणजे टेबलावरच्या जवळजवळ सगळ्या बायका आणि अर्धे पुरुष गप्प बसून दुसऱ्याचा धूर गिळत असतात. माझ्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणी माझ्यापेक्षा जास्त वैतागलेल्या आहेत.

इथले लोक कोर्टातही गेलेत. बीजिंगहून निघणाऱ्या के1301 गाडीत धुराचा त्रास झाला म्हणून एका विद्यार्थिनीने रेल्वेवर दावा लावला. जून 2018 मध्ये बीजिंगच्या रेल्वे न्यायालयाने त्या गाडीतल्या सिगारेट ओढायच्या जागा काढायला लावल्या. त्याच्या आदल्या वर्षी चंगचौला लिफ्टमध्ये एका डॉक्टरने म्हाताऱ्या गृहस्थांना सिगारेट विझवायला सांगितलं, वाद झाला, आणि थोड्या वेळाने ते गृहस्थ हृदयविकाराने गेले. घरच्यांनी दावा केला. खालच्या कोर्टाने डॉक्टरला 15,000 युआन द्यायला सांगितले, पण जानेवारी 2018 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. सिगारेट ओढणाऱ्याला थांबवणं कायद्याला धरून आणि लोकहिताचं आहे, असं त्या निकालात म्हटलंय. टोकणाऱ्याच्या मागे कायदा उभा आहे की नाही ही शंका असेल तर हा निकाल लक्षात ठेवा.

बीजिंगचा नियम 1 जून 2015 चा. तेव्हा लोकांना बोलावं लागू नये म्हणून तीन खुणा शिकवल्या होत्या: नाकातोंडावर हात, पुढे धरलेला तळवा, आणि दोन्ही हातांचा टी. भाषा येत नसलेल्या परदेशी माणसाला त्या फार कामाच्या आहेत. मी तळवा दाखवते आणि हसते. दहातले सात-आठ लगेच विझवतात.

तियानजिनचे_काका

उत्तरवारा यांचं मन स्वच्छ आहे, पण नोकरीच्या टेबलावर तळवा दाखवायला मी सईला सांगणार नाही.

मी इथे ऑलिंपिकच्या आधीपासून आहे. त्या काळी लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत लोक ओढायचे. आज बीजिंग, शांघाय, शेनचेनला ते चित्र राहिलेलं नाही. पण एक गोष्ट समजून घ्या. सगळ्या देशाला लागू असा एकच कडक कायदा अजून नाही. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला होता, तो तसाच राहिला. चीनने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू कराराला 2005 साली मान्यता दिली, तरी शहराशहराचे नियम वेगळे. आणि सिगारेट बनवणारी चायना नॅशनल टोबॅको ही सरकारी कंपनी आणि तंबाखूवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं हे व्यवहारात एकच घर आहे. सुमारे 30 कोटी ओढणारे, त्यातून सरकारच्या तिजोरीत येणारा प्रचंड पैसा. म्हणून जिआंग्सूच्या कारखान्यात शांघायचा नियम तोंडावर फेकून काही होणार नाही.

तिथे मी असं करतो: बैठक सुरू होण्याआधी म्हणतो, मला खोकला आहे, खिडकीपाशी बसतो, आणि दर पाऊण तासाला थोडं थांबूया. थांबायची वेळ ठरली की ओढणारे बाहेर जातात. कारण त्यांनाही सोयीचं पडतं.

परत जा म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नकोस, बाळ. असल्या ग्रुपवर स्वतः ओढणारेही असतात. इथे स्वस्त मिळते आणि कुणी बोलत नाही, म्हणून अनेक परदेशी लोक आपल्या देशात कधी करणार नाहीत ते इथल्या बारमध्ये करतात. मला त्याचा जास्त राग येतो.

वनिता_क्वांगचौ

मुलीला घेऊन प्रवास करणार असाल तर वेगवान गाडीच घ्या. तिथे संडासातसुद्धा ओढता येत नाही, धुराचा अलार्म वाजला की गाडीचा वेग कमी होतो आणि 500 ते 2,000 युआन दंड आहे. जुन्या, हळू गाड्यांत डब्यांच्या मधल्या जागेतला धूर झोपायच्या फळीपर्यंत येतो.

आणि भारताशी तुलना करणाऱ्यांसाठी: आपल्याकडे सार्वजनिक जागी बंदीचे सध्याचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून आहेत, पण तीस किंवा जास्त आसनांच्या हॉटेलात सिगारेट ओढण्यासाठी वेगळी खोली चालते. कागदावर शांघाय आपल्यापेक्षा कडक आहे.

सई_शांघाय

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं "बाळ" वाचून बरं वाटलं.

पिंपरीकर, तो मेसेज आत्ताच पाठवला. शुक्रवारी जेवण आहे. उत्तर आलं: काळजी नको, मॉलमधलं हॉटेल घेतो. चंगचौचा निकाल मी ऑफिसातल्या मैत्रिणीला दाखवला, तिला तो आधीच पाठ होता! तिने तो आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकला, आणि जिन्यात ओढणाऱ्यांबद्दल आठ-दहा चिनी शेजारणींनी लगेच लिहायला सुरुवात केली. त्या इतके दिवस गप्प होत्या हे मला माहीतच नव्हतं.

12345 चं मात्र कुणी सांगितलं नाही. आमच्या गल्लीतलं एक नूडल्सचं दुकान आहे, तिथे मालक स्वतःच गल्ल्यावर ओढत बसतो. त्याच्याबद्दल करू का?

उत्तरवारा

कर. शांघायला फोनवर इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं, मैत्रिणीने तिथे केलाय. दुकानाचं नाव, पत्ता आणि नेमकी वेळ विचारतात, म्हणून आधी लिहून ठेव. भिंतीवरची पाटी आणि गल्ल्यावरचं पाकीट एकाच फोटोत आलं तर उत्तम, पण फोटो काढताना वाद होऊ देऊ नकोस. नाव दुकानदाराला कळू नये असं सुरुवातीलाच सांग. तक्रारीचा क्रमांक देतात, तो जपून ठेव. काही दिवसांनी काय केलं ते सांगायला फोन येतो, तो अनोळखी नंबर म्हणून कापू नकोस. मैत्रिणीने कापला होता आणि तिची तक्रार तिथेच बंद झाली.